खुर्ची, अकरा चाळीस ते बारा पाच

आई,

आधी काय घडलं ते लिहिते. हा मजकूर सोमवारी मला पंचायत समितीत सही करून द्यायचा आहे. अजून खर्डाच आहे.

१. पांदण रस्त्याची आखणी ठरवण्यासाठी बोलावलेली ग्रामसभा अकरा वाजता होती. ती ११.२५ ला सुरू झाली.
२. सुरुवातीला सरपंच महिला आपल्या खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्यांचे पती दाराजवळ उभे होते.
३. ११.४० ला रस्त्याचा विषय निघाला. नकाशा टेबलावर ठेवण्यात आला.
४. सरपंच खुर्चीवरून उठल्या. त्यांचे पती खुर्चीवर बसले.
५. ११.४० ते १२.०५ पती खुर्चीवर होते. गट क्रमांक आणि शेतांच्या हद्दीचे धुरे यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं त्यांनी दिली. सरपंच त्यांच्या मागे उभ्या होत्या.
६. १२.०५ ला सरपंच परत खुर्चीवर बसल्या. ठराव त्यांनी स्वतः वाचला. हात वर करून मतं घेतली. ठराव मंजूर झाला.
७. १२.३० ला सभा संपली.

वेळा माझ्या घड्याळातल्या आहेत आणि घड्याळ बरोबर आहे. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते, त्याला आता बारा वर्षं झाली. त्यामुळे तुला हे माहीत नाही की मी पुढे स्थापत्याची पदविका केली आणि आता साकोलीला तांत्रिक सहायक आहे, कंत्राटी. रोजगार हमीच्या कामांची मोजमापं घेते, अंदाजपत्रकं करते, नकाशे काढते. माझ्या मोजमापात अजून चूक निघालेली नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. चूक निघाली तर करार पुढे वाढत नाही, म्हणून सांगते.

तक्रार त्या गावच्या उपसरपंचाची आहे. जुन्या नकाशात पांदण जिथून जाते, तिथे तो कित्येक वर्षं धान लावतो आहे. ठराव अमलात आला तर त्याच्या बांधीतून रस्ता निघेल. हे तक्रारीत कुठेही नाही. तक्रारीत एवढंच आहे की सभा महिला सरपंचांनी चालवली नाही, त्यांच्या नवऱ्याने चालवली, म्हणून ठराव रद्द करावा आणि त्यांना पदावरून काढावं. ज्या माणसाने तीन वर्षं तिच्या नवऱ्यालाच ‘सरपंच साहेब’ म्हणून हाक मारली, त्याला एकाएकी महिलांचे अधिकार आठवले. मी असल्या आठवणींवर विश्वास ठेवत नाही. पण त्याने लिहिलेलं वाक्य खोटं आहे का? पंचवीस मिनिटांपुरतं नाही.

त्याने मला फोन केला. तुझं आणि तुझ्या पेपरातल्या सदराचं नाव घेऊन केला, म्हणून तुला सांगते. म्हणाला, “म्याडम, तुमच्या आईले वाचलं हाये आमी. ‘बसलं कोण?’ लय गाजवलं होतं माउलीनं जिल्ह्यात. आता तुमी बी तेच करा. कोण बसलं होतं, तेवढंच लिवा. बाकी आमी पाहून घेऊ.”

“बाकी म्हणजे काय?” मी विचारलं.

“बाकी म्हंजे लोकशाही जी,” तो म्हणाला आणि मनापासून हसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरपंच स्वतः आली. शेजारणीला घेऊन, एसटीने. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. खोलीत दोन खुर्च्या आहेत, तरी ती आधी सतरंजीवर बसायला लागली. मी खुर्ची पुढे केली तेव्हा म्हणाली, “नोको म्याडम, खुर्चीनंच तं आणलं मले इथपर्यंत,” आणि दोघी हसल्या. मी हसले नाही. तिच्या हातात पिशवी होती आणि माझं सगळं लक्ष त्या पिशवीकडे होतं.

“घरचा चिन्नोर हाये. भात करून पाहा, वास घरभर जाते.”

“मी चौकशीत साक्षीदार आहे. मला घेता येणार नाही.”

“हो का?” तिने पिशवी परत आपल्या पायाशी ओढली. “मंग राहू द्या. मी आपली रिकाम्या हातानं कसं जावं म्हणून आणली. तुमी जे पाह्यलं तेच लिवा जी. दुसरं काही म्हणत नाही.”

जे पाहिलं तेच लिहा, असं सांगणाऱ्यांचाच मला जास्त संशय येतो. मी तिला निरोपाचं काहीतरी बोलले. दारात चपला घालताना ती वळली. “तो नकाशा लय गुंडाळून राहिला होता, नाही? माह्या बोटाले कड लागली होती त्याची.” एवढंच म्हणाली आणि गेली. हे वाक्य मी त्या दिवसापासून मोजते आहे.

शनिवारी मी कारध्याला घरी गेले आणि तुझ्या वह्या काढल्या. बाबांनी विचारलं, काय शोधतेस. वरठीच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले, तरी सकाळी सहाला उठून डबा भरायच्या वेळेला स्वयंपाकघरात फेरी मारतात. मी म्हटलं, कामाचं आहे. खोटं नव्हतं.

तुझी पद्धत मला अजून अगदी बारकाईने आठवते. सभेहून आलीस की आधी बातमी लिहायची नाहीस. स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून वही उघडायचीस. एक आयत म्हणजे सभागृह. चौकोन म्हणजे खुर्ची. गोल म्हणजे बाई, त्रिकोण म्हणजे पुरुष. कोणी बोललं की त्याच्याजवळ खूण. आणि बाण. बाईला प्रश्न विचारल्यावर उत्तर देण्याआधी तिने कोणाकडे पाहिलं, तिकडे बाण. हे झालं की मगच तू शब्द लिहायचीस, आणि ते थोडेच असायचे. अमुक गावात सरपंच महिला. खुर्चीवर त्यांचे दीर. तमुक गावात पाच महिला सदस्य. पाचही दाराबाहेर, चपलांजवळ. भंडाऱ्याच्या कार्यालयातले तुला म्हणायचे, “बाई, आम्ही बातमी मागतो, तुम्ही फर्निचरची यादी देता.” तू तीच यादी दर आठवड्याला दिलीस. मग गावोगावच्या बाया तुला चिठ्ठ्या पाठवायला लागल्या. ज्यांना दोन ओळी लिहिता येत नव्हत्या त्यांना गोल आणि त्रिकोण येत होते. सानगडीकडच्या एका चिठ्ठीत सगळ्या चौकोनांवर त्रिकोण होते आणि आयताच्या बाहेर एक मोठा गोल, त्याला चिकटून एक बारका गोल. खाली गावाचं नाव. तू ती चिठ्ठी घेऊन गटविकास अधिकाऱ्यांकडे गेलीस आणि टेबलावर ठेवलीस. पुढच्या महिन्यात त्या सभागृहात बायांसाठी बाक आले.

पक्के नकाशे मी काढायचे. कंपास पेटी घेऊन तुझ्यासमोर फरशीवर पालथी पडून. मी नऊ वर्षांची आहे, उन्हाळ्याची सुटी आहे, आणि आज तू मला सानगडीजवळच्या त्या गावच्या सभेला सोबत नेलं होतंस. सभेभर मी बाहेर हातपंपावर खेळत होते, पण खिडकीतून दोनदा डोकावले होते. सभा उठल्यावर मला कोणाच्या तरी घरी जेवायला नेलं आणि मी तिथेच झोपून गेले होते. ती सरपंच बाई भिंतीला टेकून उभी होती आणि मला तिचा राग आला होता, किंवा दया आली होती, आता सांगता येत नाही. घरी पक्का नकाशा काढताना मी तिचा गोल चौकोनात बसवला. तू पोळपाटावरून हात काढलास, पिठाच्या बोटाने तो गोल दाखवलास.

“हे कोण?”

“सरपंच.”

“इथं बसली होती?”

“नाही. पण तिची आहे ना खुर्ची?”

“माणूस जिथं बसला हाये तिथंच काढाचा. तुले पाह्यजे तिथं नाही. खोड ते.”

मी खोडलं. कागद फाटला. तू नवीन कागद दिलास आणि मी रडत रडत पुन्हा काढला. आज मी जे काम करते ते त्या संध्याकाळी शिकले, असं मी मुलाखतीतही सांगितलं होतं, तुझं नाव न घेता.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. तीच बाई, त्याच खुर्चीत. खाली एकच ओळ: सरपंच आपल्या खुर्चीत. तो फोटो तुला सगळ्यांत जास्त ओळख देऊन गेला. आपल्या पुढच्या खोलीत तो लागला आहे, बाबा अजून त्याच्यावरची धूळ पुसतात. तुझ्या श्रद्धांजलीच्या सभेत विहारात तोच मोठा करून ठेवला होता, आणि प्रत्येक वक्ता म्हणाला की बाईंच्या लेखणीने एका बाईला खुर्चीत बसवलं. मी नऊ वर्षांची असताना तुला विचारलं होतं, हे कधी झालं. तू म्हणालीस, “फोटो येगळा, नकाशा येगळा.” मोठ्यांची उत्तरं अशीच असतात असं तेव्हा वाटलं.

शनिवारी मी नकाशा आणि फोटो शेजारी ठेवले. नकाशावर तुझ्या अक्षरात वेळ आहे, ११.१० ते १.३०. खुर्चीत त्रिकोण. फोटोत उन्हाचा एक पट्टा बाईच्या उजव्या गालावरून तिरपा खाली टेबलावर आला आहे. मी कोनमापक लावला. साधारण चाळीस अंश. ती खिडकी पूर्वेची असेल तर सकाळ, पश्चिमेची असेल तर पावणेचारच्या आसपास. हे घरात बसून ठरत नव्हतं. रविवारी मी त्या गावी गेले. जुनं सभागृह आता धान्य ठेवायला वापरतात, पण खिडकी तीच आहे. होकायंत्र धरलं. पश्चिम.

म्हणजे सभा संपल्यावर दोन-सव्वादोन तासांनी तू तिला खुर्चीत बसवलंस आणि फोटो काढलास. ज्या दिवशी मला खोडायला लावलंस त्याच दिवशी, त्याच्या आधी. तू खोटं काही लिहिलं नाहीस. ओळ बरोबर होती. तू फक्त वेळ लिहिली नाहीस.

ती बाई आहे अजून. सुपात लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. मी तुझी मुलगी म्हटल्यावर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाक तिचंच हाये. बस.” मी थेट विचारलं, फोटो कधी काढला होता.

“सभा उठल्यावर. सह्या-अंगठे होता होता तीन वाजले, मंग समदे जेवाले गेले होते. तुही माय म्हणे, बाई, बसा जरा. मी म्हटलं, काहून जी? ते म्हणे, पाहू तं द्या कशा दिसता. मी पदरानं खुर्ची पुसली अन् बसलो, अगदी कडेले. ते म्हणे, टेकून बसा. टेकलो.” सूप थांबलं. “मंग पेपर आला. माहा मालक म्हणे, तू बसलीच कवा? मी म्हटलं, तुमी भात खात होते तवा.”

ती इतकी हसली की लाखोरी सांडली. ती गोळा करता करता मी विचारलं, मग त्या फोटोनंतर तुम्ही बसायला लागलात का. मला हो हवं होतं, हे लपवत नाही. तसं असतं तर तुझा हिशेब लागला असता.

“कुठची! दोन सभा कोणीच नाही बसलं. तो बी लाजे, मी बी भेवो. खुर्ची मंधात रिकामी, जशी पावण्याची वाट पाहून राहिली. तिसऱ्या सभेले रोवणी चालू होती. पहाटपासून चिखलात वाकून माह्या पायाले गोळे आले होते. उभं राहवेच ना. बसलो. कोणी काही नाही म्हटलं. मंग पाच वर्सं उठलो नाही.”

“त्या सभेला आई होती?”

“होती ना. दाराजोळ. क्यामेरा गयात होता. मी इशारा बी केला, काढा ना आता. तिनं मान हालवली. नाहीच काढला.”

मी रविवारीच परत कारध्याला आले. तो नकाशा वहीत आहे. बारा ते सव्वा. चौकोनात गोल. गोलाजवळ बोलल्याच्या सात खुणा. एकही बाण नाही. तुझ्या सगळ्या वह्यांमध्ये बाण नसलेला हा एकच नकाशा मला सापडला, आणि तू तो छापला नाहीस. मी बांधून ठेवलेले सगळे अंक पाहिले. नाही. मला असं वाटतं की तो छापला असता तर कोणीतरी विचारलं असतं, मग आधीचा फोटो कधीचा. म्हणून खरा वहीत राहिला आणि दुसरा भिंतीवर. हा माझा तर्क आहे. पुरावा नाही. फोटोची चौकट उतरवून मागचा पुठ्ठाही काढला, तिथे तू काही लिहून ठेवलं असशील म्हणून. कसर लागलेला कागद होता. बाबा दारात उभे राहून पाहत होते. म्हणाले, “तुझी आई पण अशीच माझे खिसे तपासायची,” आणि चौकट पुन्हा लावायला खिळा आणून दिला.

आता कलम तीन.

नकाशा टेबलावर ठेवण्यात आला, असं मी लिहिलं आहे. तो मी ठेवला. सरपंच खुर्चीवर होती, तिच्या पुढ्यात टेबल रिकामं होतं. मी नकाशा उलगडला आणि दाराकडे पाहून म्हणाले, “भाऊ, तुम्ही इकडे या. तुम्हाला धुरे माहीत असतील.” तिला विचारलं नाही. विचारायचं टाळलं असंही नाही. मनातच आलं नाही. टेबल आणि कपाट यांच्यामध्ये एकाच खुर्चीची जागा आहे. तो आला, म्हणून ती उठली. मी नकाशा त्याच्या बाजूने फिरवला. कागद गुंडाळत होता, म्हणून तिने मागून हात लांब करून वरचा कोपरा एका बोटाने दाबून धरला. पंचवीस मिनिटं. मी त्याला प्रश्न विचारत होते. एका गट क्रमांकाला तो चुकला. तिने मागून हळूच बरोबर क्रमांक सांगितला, आणि मी तो त्याच्याकडे बघत लिहून घेतला. तू असतीस तर बाण तिच्यापासून निघाला नसता. माझ्यापासून निघाला असता.

बारा पाचला तीच म्हणाली, “उठा जी आता, मले वाचाचं हाये.” मागून कोणीतरी ओरडलं, “सरपंचानं सरपंचाले उठवलं रे!” आणि सभा हसली. नवराही हसत उठला. तिने ठराव वाचला, न अडखळता. उपसरपंच तेव्हा हसत नव्हता. त्याने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. सगळे अकरा चाळीस ते बारा पाचमधले. ते फोटो खरे आहेत आणि एकातही मी नाही.

पदाधिकारी महिलेशीच बोलावं, तिच्या नातेवाइकाशी नाही, असं परिपत्रक आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर आहे. त्याला चारी कोपऱ्यांना टेप मी लावली होती. कलम तीन पूर्ण लिहिलं तर चौकशी माझ्याकडे वळेल, आणि माझा करार मार्चपर्यंतच आहे. तसंच ठेवलं तर एकही शब्द खोटा नाही, आणि तिचं पद जाईल. तिला हे माहीत होतं. माझ्या खोलीत बसून ती हे सांगू शकत होती आणि तिने फक्त बोटाला कड लागल्याचं सांगितलं. मी त्या वेळी तांदळाच्या पिशवीवर नजर ठेवून होते.

तू वेळ गाळलीस आणि एक बाई खुर्चीत दिसली. मी माझा हात गाळते आहे आणि एक बाई खुर्चीतून जाते आहे. दोन्ही सारखंच नाही, हे मला कळतं. पण मी हे तुझ्याकडूनच शिकले का, हे मला कळत नाही. तू मला खोडायला लावलंस ते माझ्यासाठी होतं, की तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी तू जे करून आली होतीस त्यासाठी? मी वीस वर्षं तो ओरडा जपून ठेवला आहे.

हे पत्र पाठवायला जागा नाही. बाण नसलेल्या नकाशाच्या पानात ठेवते आहे. जबाबाच्या दोन प्रती माझ्यासमोर आहेत. एकीत कलम तीन वर आहे तसंच. दुसरीत पूर्ण, मी दाराकडे पाहून काय म्हणाले ते शब्दशः, आणि गट क्रमांक कोणी सांगितला तेही. दुसरीवर मी सही केली आहे. पहिली अजून फाडलेली नाही.

तिसऱ्या सभेला कॅमेरा गळ्यात असून तू फोटो का काढला नाहीस, एवढंच विचारायचं आहे. सोमवारी सकाळी अकराच्या आत कळव.